हवेतली चार भोकं

ड्रिल खाली गेलं, वर आलं, थोडं सरकलं, पुन्हा खाली गेलं. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी जेवढं खोल जायचं तेवढंच गेलं, आणि चारही वेळा खाली काहीच नव्हतं. ॲल्युमिनियमची प्लेट मी टेबलाच्या मधोमध वाइसमध्ये आवळून ठेवली होती. ती तिथं कोरडी ठणठणीत बसून होती, आणि मशीन तिच्याकडे ढुंकूनही न बघता पार डाव्या अंगाला, टेबलाच्या रिकाम्या भागावर, अगदी मन लावून काम करत होतं. कूलंटचं दुधट पाणी नुसत्या लोखंडावर पडून वाहून जात होतं. चौथं भोक झालं, ड्रिल फिरायचं थांबलं, मशीनचं डोकं वर सरकून आपल्या घरी जाऊन उभं राहिलं आणि काम फत्ते झाल्याचा हिरवा दिवा लागला. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या दिव्याचा. काही मोडलं असतं, ठणकन आवाज झाला असता, तर मी निदान धावत जाऊन तांबडं बटण तरी दाबलं असतं. इथं सगळं बिनचूक झालं होतं, फक्त वस्तू तिथं नव्हती. मागे तिघंचौघं उभे होते त्यांना हसू फुटलं. पलीकडच्या ग्राइंडरवाल्याने विचारलं, ‘‘काका, ही भोकं पॅक करायची की सुटीच पाठवायची?’’ मीही हसलो. अशा वेळी हसायचं असतं. पण जिना उतरताना एक पायरी कमी भरावी तसं झालं, आणि ते दिवसभर गेलं नाही.

मॅडम हसल्या नाहीत. मॅडम म्हणजे मशीन बनवणाऱ्यांनी शिकवायला पाठवलेली मुलगी. माझ्या थोरलीपेक्षा थोडीच मोठी असेल, पण तिच्याकडून शिकायचं म्हटल्यावर तिला अहोजाहो करणं आलं, आणि ती मला काका म्हणते. त्यांनी स्क्रीनवरचं पान उलटलं. तिथं एकाखाली एक सहा खण असतात, चोपन्नपासून एकोणसाठपर्यंत, मोजायला कुठून सुरू करायचं ते आकडे ठेवायचे. ‘‘काका, तुम्ही तुमचा झिरो पंचावन्नमध्ये टाकलात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि प्रोग्रॅममध्ये पंचावन्न बघ म्हणून लिहिलंच नाहीत. आपण काही सांगितलं नाही तर मशीन आपलं चोपन्नच धरतं. ते गेलं चोपन्नवर.’’ मी मान डोलावली. ‘‘पण पंचावन्नमध्ये का टाकलंत? मी चोपन्न म्हटलं होतं ना?’’ मी म्हटलं, ‘‘चुकलं.’’ ‘‘आणि चोपन्नमध्ये हे काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘जुनं असेल काहीतरी.’’ जुनं काहीतरी! तिथं काय आहे ते मला फोन नंबरासारखं पाठ होतं. उणे चारशे बारा, पॉइंट सहा तीन शून्य. ते दादाचं होतं, माझ्या थोरल्या भावाचं. दादा आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी हात पुसून घरी गेला तेव्हा टाकून गेलेलं, आणि तेव्हापासून मशीन झाकलेलं होतं. मी ते चुकून पंचावन्नमध्ये टाकलं की मुद्दाम, हे मला कुणी शपथ घालून विचारलं तरी सांगता यायचं नाही. चोपन्नपाशी बोट गेलं होतं एवढं आठवतं. मग ते एक घर खाली उतरलं.

सकाळी मॅडमनी मला शून्य समजावून सांगितलं होतं. या वयात शून्य शिकायचं! शाळेत मास्तरांनी ते वहीवर लाल शाईने इतक्यांदा काढून दिलं होतं की माझी समजूत, आता त्यात काही शिकायचं उरलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, ‘‘हे बघा, मशीनला फक्त त्याचं स्वतःचं घर माहीत असतं. तो मागचा कोपरा. सकाळी चालू केलं की पहिल्यांदा तिथं जाऊन उभं राहतं. बाकी त्याला काही दिसत नाही. तुमची प्लेट कुठे आहे, आहे का नाही, त्याला पत्ता नसतो. तुम्ही त्याला हाताने, हे हँडव्हील फिरवत फिरवत, प्लेटच्या कडेला नेऊन टेकवायचं. एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. आणि सांगायचं, हा कोपरा. हा झिरो. आता इथून मोज.’’ मी विचारलं, ‘‘कुठला कोपरा?’’ ‘‘तुम्हाला हवा तो.’’ ‘‘पण खरा कुठला?’’ ‘‘खरा-बिरा नसतो हो काका. तुम्ही म्हणाल तो.’’ ‘‘आणि उद्या प्लेट हलवली तर?’’ ‘‘तर उद्या दुसरा.’’ त्या एवढ्या सहज म्हणाल्या की मला पुन्हा विचारायची लाज वाटली. पण मला ते पटलं नाही, अजून पुरतं पटलेलं नाही. कुठल्याही गोष्टीला एक ठिकाण असेल ना, जिथून ती सुरू होते? आपण म्हणू तिथून सुरू होत असेल तर मग मोजायचं कशाला? पालथ्या घड्यावर पाणी घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण घालायचा त्यांना पगार होता.

मला कुणी वय विचारलं तर मी आधी दादाचं आठवतो आणि त्यातून सात वजा करतो. हे मी मुद्दाम करत नाही. लहानपणी आई तसंच सांगायची, ‘‘हा दादाहून सातांनी लहान,’’ आणि ते डोक्यात बसलं. मी दादाच्या चपला घातल्या, दादाची सायकल चालवली, दादाच्या बाकावर त्याने करकटकाने कोरलेल्या नावाच्या बाजूला बसून नापास झालो. नोकरीला लागलो तेव्हाही फोरमनने नाव विचारलं नाही, ‘‘हा त्याचा भाऊ का? घे मग,’’ म्हणाला. घर घेतलं तेही दादाच्या मागच्या गल्लीत, आणि पत्ता सांगताना मी आजही दादाच्या इमारतीपासून सांगतो. हँडलवाल्या जुन्या मिलिंग मशीनवर दादाने मला काम शिकवलं, म्हणजे माझ्या हातावर हात ठेवला आणि हँडल फिरवलं. ‘‘बारक्या, डोळ्याला विचारू नकोस, हाताला विचार,’’ म्हणायचा. माझा हात त्याच्या हाताखाली इतका काळ राहिला की कुणाला विचारायचं ते मला नीट कळलं नाही. मग हे नवं मशीन आलं. दादा ते शिकून आला, पन्नाशी उलटलेला माणूस आठवडाभर शाळेतल्या पोरासारखा दप्तर घेऊन जात होता, आणि आल्यावर मला म्हणाला, ‘‘सोपंय रे. मी बघतो. तू फक्त जॉब वाइसमध्ये लाव आणि हिरवं बटण दाब.’’ दादा डावीकडे स्क्रीनपाशी उभा राहायचा, मी उजवीकडे दारापाशी. तो झिरो घ्यायचा, पहिला पीस काढायचा, मापून बघायचा, आणि बरोबर निघाला की तो मशीनच्या माथ्यावर ठेवून द्यायचा. ती आमच्याकडची रीतच आहे, जॉब, म्हणजे ती सगळी ऑर्डर, संपेपर्यंत पहिला पीस माथ्यावरून हलवायचा नाही. मग तो माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि मी बटण दाबायचो. मला या व्यवस्थेत काही कमी वाटलं नाही. लोक म्हणतात माणसाला पुढे जावंसं वाटतं. मला आपलं उजवीकडे उभं राहणं पुरेसं होतं.

घरी जाताना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी फोरमनचं बोलणं पुन्हा पुन्हा उगाळत बसलो. तो काही वाकडं बोलला नव्हता. दादाच्या बरोबरीचा आहे, दोघं एकाच डब्यात जेवलेले. दुपारी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, ‘‘हे बघ, मशीन झाकून ठेवायला आणलेलं नाही. शुक्रवारी माझ्यासमोर एकट्याने पहिला पीस काढून दाखव. निघाला तर सेटर तू, दादाच्या जागी. नाही निघाला तर मला बाहेरचा माणूस आणावा लागेल, आणि तुला पॅकिंगला पाठवावं लागेल. मला तेही आवडणार नाही.’’ मी विचारलं, ‘‘आणि दादा बरा होऊन आला तर?’’ त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. ‘‘एका मशीनला सेटर किती लागतात?’’ तो म्हणाला. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मला जमलं नाही तर दादाची जागा परक्याला जाणार, आणि जमलं तर मीच ती घेणार. मग मला ते जमत नव्हतं ते नेमकं का, डोकं चालत नव्हतं म्हणून, की चालवायचं नव्हतं म्हणून? बस सिग्नलला थांबली होती. शेजारच्या दुकानाच्या काचेत एक माणूस बसच्या खिडकीत बसलेला दिसला, थकलेला, कपाळावर आठ्या, आणि क्षणभर मला वाटलं दादा आहे. आम्ही दिसायला सारखे आहोत असं सगळे म्हणतात, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

दादाला अर्धांगाचा झटका आला तो दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण तसाच, हातात रेझर, आणि तो बाथरूमच्या दारात येऊन वहिनींना म्हणाला, ‘‘छत्री.’’ बाहेर लख्ख ऊन होतं. वहिनींना वाटलं चेष्टा करतोय. मग रेझर खाली पडला, आणि उजवा हात असा लोंबकळला की त्यांनी माझ्या नावाने हाक मारली ती मागच्या गल्लीपर्यंत ऐकू आली. हॉस्पिटलात मी पलंगापाशी गेलो तेव्हा दादाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाला, ‘‘छत्री.’’ तेव्हा कळलं की तो मलाच बोलवत होता. डॉक्टर म्हणाले, शब्द गेलेले नाहीत, आपापल्या जागा सोडून बसलेत; काही परततील, काही परतणार नाहीत. दादाला सगळं कळतं. आपण बोललेलं कळतं, हिशेब कळतो, बातम्या बघून मान हलवतो. फक्त तोंडातून बाहेर पडताना चमचा म्हणायचा असतो तिथं किल्ली येते, पाण्याच्या जागी भिंत येते. वहिनींनी महिनाभरात ते सगळं शिकून घेतलं. त्याने भिंत मागितली की त्या पाणी देतात, बोलण्यात खंडसुद्धा पडत नाही. मला ते साधलं नाही. तो छत्री म्हणाला की मी दर वेळी सांगायचो, ‘‘दादा, मी बारक्या. बारक्या.’’ आणि तो डोळे मिटून घ्यायचा.

त्या संध्याकाळीही गेलो. रोजच जातो, घरी जायच्या आधी. दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसतो, आणि मी त्याच्या उजव्या अंगाला स्टूल ओढून बसतो. दाराच्या मागच्या खुंटीवर त्याचा कंपनीचा निळा शर्ट असतो. वहिनी दर रविवारी तो धुतात, इस्त्री करतात आणि परत अडकवतात. घातलेला नसला तरी धुतात. ‘‘भाऊजी, मशीन कसंय?’’ त्यांनी चहा ठेवता ठेवता विचारलं. रोज विचारतात. ‘‘झाकलेलंच आहे वहिनी,’’ मी म्हटलं. रोज हेच म्हणतो. ‘‘ऐकलंत का?’’ त्या दादाला म्हणाल्या, ‘‘तुमच्यावाचून अडलंय त्यांचं. बसलेत झाकून.’’ आणि त्या इतक्या खूश झाल्या की मी कप तसाच खाली ठेवला. मला त्यांना सांगायचं होतं. तोंड उघडायचो तेव्हा नेमके त्यांचे ते खुशीतले डोळे समोर यायचे, मग मी बिस्किट उचलायचो. मी दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. गाल जसाच्या तसा, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, डोळा समोर. महिनोन्‌महिने मी त्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि मला त्यातून हो किंवा नाही काही मिळत नव्हतं. माझ्या कपड्यांना कूलंटचा वास येतो, तो काही साबणाने जात नाही. झाकलेल्या मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो वास कुठून येणार? दादाच्या नाकाला तर काही झालेलं नव्हतं. ते माझ्या मनात आलं आणि मी स्टूल थोडं मागे सरकवलं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, ‘‘आज ना उद्या त्यांना कळणारच आहे. लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं काय वाईट?’’ मी म्हटलं, ‘‘आधी जमू तर दे.’’ ‘‘आणि नाही जमलं तर सांगायला नको, असंच ना?’’ ती म्हणाली. तिला माझ्या मनातलं माझ्या आधी कळतं, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना एक युक्ती सुचवली. म्हणजे बसमध्ये मला ती सुचली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. ‘‘मॅडम, माझा झिरो पंचावन्नमध्येच राहू दे. प्रोग्रॅमच्या वरच लिहितो, पंचावन्न बघ. चालेल ना?’’ ‘‘चालेल,’’ त्या म्हणाल्या. आम्ही तसं केलं, आणि चाललं की! ड्रिल बरोबर माझ्या प्लेटवर उतरलं. पाणी उडालं, चकचकीत बारीक कीस निघाला. दोघांची सोय झाली, असं मला वाटलं. दादाचं दादापाशी, माझं माझ्यापाशी. मग मॅडमनी दार उघडलं, प्लेटवरचा कीस ब्रशने झाडला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘काका, ते चोपन्न कुणाचं आहे?’’ मी सांगितलं. का सांगितलं कळत नाही. परक्या पोरीला सांगितलं, झटका, छत्री, शर्ट, सगळं. त्या ऐकत राहिल्या, ब्रश हातात तसाच. मग म्हणाल्या, ‘‘असं एखाददुसरा दिवस चालतं काका. पण एखाद्या सकाळी तुम्ही ती ओळ लिहायला विसरणार. आणि मशीन विसरत नाही, ते आपलं चोपन्नवर जाणार. काल तिथं हवा होती म्हणून हसलो. उद्या तिथं दुसरा वाइस बसवलेला असला तर ड्रिल पोलादात शिरेल, आणि तुम्ही दार उघडून हात घातलेला असला तर…’’ मी म्हटलं, ‘‘दोन महिन्यांत तो येईल परत. तेवढे दिवस.’’ त्यावर त्यांनी मला टेबलाशी वाकायला लावलं आणि डावीकडे बोट दाखवलं. वाइसच्या बोल्टांच्या खुणा होत्या, पुसटशा. ‘‘त्यांचा वाइस इथं होता. टेबल साफ करायला मीच तो काढला. आता कितीही जपून परत तिथंच बसवला तरी केसभर इकडेतिकडे होणार. तो आकडा आता कुठल्याच जॉबचा नाही, काका. तुमचे दादा उद्या स्वतः आले, तर तेसुद्धा सगळ्यात आधी तोच पुसतील.’’

मी त्यांच्यावर चिडलो. वाइस काढताना विचारलं का नाही, म्हणालो. कुणाला विचारायचं होतं, हे त्यांनी मला विचारलं नाही, ही त्यांची भलाई. खरं म्हणजे मला माहीत होतं. दादाला रोज झिरो पुसताना मीच तर बघत आलो होतो. नवा जॉब आला की तो आधी चोपन्नवर जायचा आणि कपाळावरची माशी उडवावी तसा कालचा आकडा उडवायचा. त्या आकड्याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. तो आकडा जपत होतो तो मी. कशासाठी? दादा येईल तेव्हा त्याला सगळं जिथल्या तिथं मिळावं म्हणून की मी जिथल्या तिथं राहावं म्हणून? दिवसभर मी आकडे लिहीत होतो, खोडत होतो, एक्सच्या जागी वाय टाकत होतो. मॅडमनी दोनदा माझा हात बटणावरून बाजूला केला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता मशीनच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिलो, माझ्या नेहमीच्या जागी, आणि डावीकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. इतके महिने मी हे बघितलंच नव्हतं की तिथं कुणी नाही.

शुक्रवारी फोरमन वेळेआधीच येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. मॅडम लांब खिडकीपाशी गेल्या, त्यांना बोलायची परवानगी नव्हती. प्रोग्रॅम मला माझा लिहायचा होता, चार भोकांचा. दादा नेहमी डावा, पुढचा कोपरा शून्य धरायचा. मी गेले दोन दिवस तसंच करायचा प्रयत्न करत होतो आणि प्रत्येक आकडा माझ्या डोक्यात उलटा होत होता, कारण माझा हात उजवीकडून जॉब लावून लावून, उजव्या कडेपासून माप घेऊन घेऊन तयार झालेला. आदल्या दिवशी मी मॅडमना विचारलं होतं, उजवा घेतला तर? ‘‘घ्या की. पण मग डावीकडे जाताना सगळे आकडे उणे येतील. गोंधळाल.’’ मी म्हटलं होतं, ‘‘येऊ द्या. वजाबाकीची मला जन्माची सवय आहे.’’ त्यांना ते कळलं नाही. आता मी हँडव्हील हातात घेतलं आणि मशीनचं डोकं हळूहळू उजव्या कडेशी आणलं. कडेला टेकताना हाताला एक अगदी बारीक जाणीव होते. डोळ्याला ती दिसत नाही. हाताला विचार. मी विचारलं, आणि हाताने सांगितलं, इथं. दोन्ही कडा झाल्या. मग स्क्रीनवर सहा खणांचं पान उघडलं आणि चोपन्नवर येऊन थांबलो. उणे चारशे बारा, पॉइंट सहा तीन शून्य. फोरमन काही बोलला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ढकलता आलं असतं. मी माझे आकडे टाकले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणजे आवाज झाला नाही, दिवा लागला नाही, जुना आकडा होता तिथं नवा आकडा होता, एवढंच. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हात शर्टाला पुसले. मग दार लावलं, मानेनेच कुणालातरी हो म्हटलं आणि हिरवं बटण दाबलं.

प्लेट मापात निघाली. फोरमनने चारही भोकं स्वतः मापली, दोनदा मापली, आणि पाठीवर थाप मारली ती जरा जोरातच. ‘‘ठेव वर,’’ म्हणाला. मशीनच्या माथ्यावर दादाचा शेवटचा पहिला पीस अजून होता, धूळ बसलेला. जॉब संपलाच नव्हता ना त्याचा. मी म्हटलं, ‘‘तो राहू दे. हा घरी नेऊ का?’’ फोरमनने वर बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘ने,’’ म्हणाला.

बसमध्ये ती प्लेट मी मांडीवर धरून बसलो होतो. काय सांगायचं ते चार प्रकारे जुळवलं आणि चारही प्रकार दादाच्या जिन्यात विसरलो. वहिनींनी दार उघडलं. दादा खाटेवर होता. मी उजवीकडे स्टूलवर बसलो आणि काही न बोलता प्लेट त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने ती उन्हाकडे धरली, चारही भोकांतून आरपार बघितलं. मग अंगठा भोकाच्या कडेवरून फिरवला आणि थांबला. कडेला बारीक खरखर राहिली होती, कानशीने घासायची घाईत राहून गेली. ‘‘मीठ,’’ दादा रागाने म्हणाला. ‘‘घासतो,’’ मी म्हटलं, ‘‘उद्या घासतो.’’ त्याने प्लेट मांडीवर ठेवली, डाव्या हाताची तर्जनी तिच्या डाव्या, पुढच्या कोपऱ्यावर टेकवली, आणि विचारल्यासारखी दोनदा ठोकली. एवढंच. मला शब्द लागले नाहीत. आयुष्यभर तो त्याच कोपऱ्यापासून मोजत आला होता.

‘‘नाही दादा,’’ मी म्हटलं. ‘‘तिथं नाही.’’ आणि उजव्या कोपऱ्यावर माझं बोट ठेवलं. ‘‘इथं घेतला. मी घेतला. तुझा पुसला.’’

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. ‘‘म्हणजे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मशीन चालू झालं?’’ मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ‘‘हो वहिनी. आजपासून मीच बघणार. काही दिवसांपासून शिकतोय, तुम्हाला खोटं सांगत होतो.’’ कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, मग खुंटीवरून हँगर निघाल्याचा. त्यांनी तो निळा शर्ट हातावर घेतला, बाह्या मागे दुमडल्या, एक घडी, दुसरी घडी, आणि कपाटाचं दार उघडून आत ठेवला. इतक्या हळू की मला वाटलं ते काम कधी संपणारच नाही.

दादाचं बोट अजून त्याच्या कोपऱ्यावर होतं. मग ते निघालं. प्लेटच्या पुढच्या कडेवरून हळूहळू सरकत, मध्ये थांबत, पुन्हा सरकत, ते उजवीकडे आलं, माझ्या बोटाला लागलं, आणि मी बोट काढून घेतलं तसं त्या कोपऱ्यावर जाऊन बसलं. तिथून त्याने पहिलं भोक गाठलं, मग दुसरं, तिसरं, चौथं, ज्या क्रमाने मी पाडली होती त्याच क्रमाने, आणि पुन्हा माझ्या कोपऱ्यावर आला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही नव्हतं. तोच गाल, तोच ओघळलेला ओठ. मला त्या क्षणी दुनियेतली दुसरी कुठलीही गोष्ट नको होती, फक्त त्याला काय वाटतंय ते हवं होतं, आणि ते मला दिसत नव्हतं. मग एकदम लक्षात आलं की मी उजवीकडे बसलोय. हॉस्पिटलपासून रोज, सवयीने, मी त्याच्या उजवीकडे बसत आलो होतो, आणि दादाची उजवी बाजूच तर गेली होती.

मी उठलो. स्टूल उचललं, खाटेला वळसा घातला आणि डावीकडे खिडकीपाशी जाऊन बसलो. दादा रडत होता. या बाजूचा सगळा चेहरा हलत होता, गाल, भुवई, ओठाचा कोपरा वर ओढलेला, त्यामुळे रडताना हसतही असावा. कोण जाणे कधीपासून तो या बाजूने माझ्याशी बोलत होता. त्याने मला इथं बसलेलं बघितलं, डोळे फिरवून सगळा बघितला.

‘‘छत्री,’’ तो म्हणाला.

‘‘ओ,’’ मी म्हटलं.